हेर लेम्केंचं म्यान

हेर लेम्केंनी रापी चामड्यावर टेकवली, जिभेचं टोक दातांत धरलं आणि एका दमात खालपर्यंत ओढली. कापलेला तुकडा टेबलावरून सरकत पडला तो नेमका वसुधाच्या पायाशी. तिने वाकून उचलला. जाड, काळा, आतून मऊ अस्तर लावलेला. टेबलावर जे उरलं होतं त्याच्याकडे तिने पाहिलं आणि गॅसवर ठेवायला आणलेलं दुधाचं भांडं तिच्या हातातच राहिलं. सांगलीला फौजदाराच्या कमरेला असायचं तसलं पिस्तुलाचं म्यान होतं ते, वरच्या झाकणासकट.

"दांके," लेम्के म्हणाले आणि तुकड्यासाठी हात पुढे केला.

तिने तो दिला. लेम्केंनी शेजारचं वर्तमानपत्र ओढून म्यानावर पसरलं आणि तिचं दूध तापून उतरेपर्यंत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसून राहिले. ना थंडीची चौकशी, ना दुधाच्या भावाची तक्रार. एरवी हा माणूस दुधाच्या भावावर दूध नासेपर्यंत बोलू शकत असे.

वसुधाला संशय यायला एवढं पुरेसं होतं. खरं म्हणजे तिला याहून कमीही पुरत असे. तिचे वडील आत्मारामपंत सांगलीच्या जकात नाक्यावर कारकून होते. कडब्याच्या गाडीत गुळाच्या ढेपा दडवल्यात हे ते गाडीवानाच्या मानेवरून ओळखत आणि जेवताना पोरांना त्याचं रसभरीत वर्णन ऐकवत. अशा बापाच्या घरात वाढलेली मुलगी कुणाच्या पिशवीकडे सरळ नजरेने बघू शकत नाही. भास्कर तिला लाडाने 'नाकेदारीण' म्हणे आणि स्वतःच्याच विनोदावर हसे.

भास्कर पेंडसे बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होता. पोलाद कशाने थकतं हा त्याचा विषय. वसुधाला येऊन वर्ष होत आलं होतं. शार्लोटेनबुर्गमधल्या लेम्केंच्या घरातली एक खोली त्यांची, बाकीचं घर लेम्केंचं आणि स्वयंपाकघर दोघांचं. लेम्के विधुर. धंद्याने साटलर, म्हणजे घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवणारे. घोडे संपले तशी दप्तरं आणि पट्टे शिवू लागले. गेल्या ऑगस्टात शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि त्यांची एकुलती एक मुलगी पलीकडे राहिली. तेव्हापासून ते दुधाच्या भावावर जास्तच बोलत. वसुधाला त्यांची कीव येत असे. पण कीव वेगळी आणि पिस्तूल वेगळं.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"अहो, लेम्के पिस्तुलाचं म्यान कापतायत."

"जुनं असेल काहीतरी."

"जुनंच आहे. पण ते लहान करतायत. खालचा भाग उडवलाय, बाजू आत घेतल्यायत. कोटाखाली फुगवटा दिसू नये म्हणून असतं ते."

"तुला गं काय माहीत?"

"गूळ दडवणारेसुद्धा पोतं आधी बारीक शिवून घेतात."

भास्कर हसला नाही. तो आमटीत भात कालवत राहिला. या शहरात युद्ध जिंकलेल्या चार देशांच्या फौजांचा कायदा चालतो आणि साध्या माणसाच्या घरात गंजकं पिस्तूल जरी सापडलं तरी त्याची धडगत नसते, हे त्यानेच तिला आल्या आल्या सांगितलं होतं. आता मात्र तो म्हणाला, "चामड्याचा माणूस आहे. करत असेल काहीबाही." आणि मग ताटातून मान वर न काढता, "या रविवारी मी पलीकडे जाऊन येतो जरा. त्यांच्या मुलीला पार्सल द्यायचंय. त्यांना जाता येत नाही. आपला इंडियन पासपोर्ट चालतो."

वसुधाने हातातला घास खाली ठेवला.

"काय आहे पार्सलात?"

"कॉफी, कोको. नातवाचे मोजे."

"तुम्ही बघितलंत?"

"वसू, म्हाताऱ्या माणसाच्या पार्सलात मी डोकावू?"

त्या क्षणी तिला सगळं लख्ख दिसलं, म्हणजे तिला तसं वाटलं. म्हातारा मोजे वर ठेवणार, पिस्तूल खाली, आणि तिचा हा भोळा सांब ते दोन्ही हातांत धरून शिपायांसमोर जाऊन उभा राहणार. पकडला गेला की डॉक्टरेट राहिली बाजूलाच, माणूस कुठल्या तुरुंगात नेला हेसुद्धा कुणी सांगणार नाही. आपल्या वकिलातीला पत्ता लागेपर्यंत वर्ष जाईल. तिला इथे एकटीला भाषासुद्धा धड येत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिने लेम्केंवर पाळत ठेवली. ते दार लावून काम करू लागले होते. आतून हातोडीची टकटक येई, मग मेण लावलेला दोरा चामड्यातून ओढल्याचा कर्रकर्र आवाज. ती कपडे वाळत घालायच्या निमित्ताने दोनदा त्या दारावरून गेली आणि तिसऱ्यांदा किल्लीच्या भोकाला डोळा लावला. आत लेम्के उभे होते. शर्टावरून पट्टा खांद्याला लावायचा प्रयत्न करत होते आणि तो काही केल्या पुरत नव्हता. मग त्यांनी सावकाश मान वळवली, दाराकडे चालत आले, आणि भोकात अंधार झाला. आतून त्यांनी टॉवेल अडकवला होता.

तिथून पुढे दोघंही एकमेकांशी अतिशय अदबीने वागू लागली. "गुटन मॉर्गन, फ्राउ पेंडसे." "गुटन मॉर्गन, हेर लेम्के." लेम्के स्वयंपाकघरातून जाताना आपल्या खणाला कुलूप घालून जात. वसुधा त्यांची पाठ वळली की ते कुलूप ओढून बघे.

शुक्रवारी पार्सल टेबलावर आलं. तपकिरी कागद, वर दोरी. लेम्के पाव आणायला खाली उतरले तशी वसुधाने खोलीतून चोळीचा खण, तांदळाची पुडी, हळकुंड-सुपारी आणि नारळ आणला. पकडली गेलेच तर कारण हवं, आणि कारण खोटं असू नये, ही आत्मारामपंतांची शिकवण. ते खोटं नव्हतंच. पलीकडची ती लेम्केंची मुलगी रेनाटे, लेकुरवाळी सवाष्ण. तिच्या घरी आपल्या घरचा माणूस जाणार तो काय मोजे नि कॉफी घेऊन? ओटी नको? नारळ तर तिने डिसेंबरात मोठ्या दुकानात दिसला तसा घेऊन ठेवला होता, शेंडीसकट.

तिने दोरी सोडली. कॉफी, कोको, संत्री, मोजे, एक लाकडी बदक. तिने मोजे उलटे केले. कोकोचा डबा कानाशी धरून हलवला. बदकाचं पोट ठोकून पाहिलं.

"काय शोधताय, फ्राउ पेंडसे?"

लेम्के दारात उभे होते, पावाची पिशवी छातीशी धरून.

"शोधत नाही. ठेवतेय," ती आपल्या तोडक्या जर्मनमध्ये म्हणाली आणि ओटीचं सामान पुढे केलं. "आमच्यात, बाळाच्या आईला देतात. शुभ असतं."

लेम्केंनी पिशवी खाली ठेवली. तांदळाची पुडी हुंगली. खणाची घडी उलगडून दिव्याकडे धरली. मग नारळ उचलला, शेंडी ओढून पाहिली आणि कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं तसे त्यांचे डोळे बारीक झाले.

"आत काय आहे?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"नारळाचं."

"कुणी घातलं?"

वसुधाला याचं उत्तर जर्मनमध्येच काय, मराठीतही सुचलं नसतं. तिने वर बोट दाखवलं. लेम्केंनी छताकडे पाहिलं, वर राहणाऱ्या बाईंना बहुधा मनातल्या मनात वगळलं, आणि नारळ परत ठेवला. दोघांनी मिळून पार्सल पुन्हा बांधलं. एकाने गाठीवर बोट धरलं, दुसऱ्याने आवळलं. पण दोघांपैकी कुणीही हात आधी काढायला तयार नव्हतं.

पार्सलात पिस्तूल नव्हतं. याने तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. नाही तर मग आहे कुठे?

ते शनिवारी दुपारी सापडलं. उद्या जायचं म्हणून ती भास्करचा ओव्हरकोट ब्रशने झाडत होती. कपाटात त्या कोटाच्या आत, त्याच हँगरला, म्यान लटकत होतं. आता ते ओळखूसुद्धा येत नव्हतं. टोक उडालं होतं, झाकण निम्मं झालं होतं, बाजूंना बारीक, देखणी शिवण होती. काखेत बसेल असा चपटा तळहाताएवढा कप्पा, त्याला दोन पट्टे. म्यान रिकामं होतं. तिने पट्टा पसरला आणि वितीने मोजला. मग पुन्हा मोजला.

भास्करच्या छातीचं माप तिला तोंडपाठ होतं. हिवाळा लागताना तिने त्याला बिनबाह्यांचा स्वेटर विणला होता आणि निम्म्यातून एकदा उसवलाही होता. लेम्के म्हणजे धान्याची कणगी. हा पट्टा त्यांच्या एका खांद्यावरूनसुद्धा वळला नसता. म्हणूनच त्या दिवशी दाराआड तो पुरत नव्हता. ते स्वतःसाठी करतच नव्हते.

ती पलंगावर बसली. इतके दिवस ती परक्या म्हाताऱ्यावर नजर ठेवून होती आणि चोर तिच्या ताटाला ताट लावून आमटीभात खात होता. पहिल्यांदा तिला रडू आलं. मग राग आला, आणि ती म्यान घेऊन उठली.

स्वयंपाकघरात भास्कर आणि लेम्के कॉफी घेत होते. तिने म्यान दोघांच्या मधे टेबलावर टाकलं.

"हे तुमच्या मापाचं आहे," ती भास्करला म्हणाली.

भास्करचे कान लाल झाले. त्याने लेम्केंकडे पाहिलं, लेम्केंनी कपाकडे.

"वसू, बस आधी."

"पिस्तूल कुठाय?"

"पिस्तूल नाही गं. शपथ."

"शपथा नाक्यावर सगळेच घेतात."

हे भास्करने जर्मनमध्ये सांगितलं नाही, पण लेम्केंना कळलं असावं. ते उठले. स्वयंपाकघराच्या दुहेरी खिडकीची आतली तावदानं त्यांनी उघडली. मधल्या फटीत लोणी गार राहावं म्हणून ठेवत असत. लोण्यामागून त्यांनी कापसात गुंडाळलेली डबी काढली आणि तिच्यासमोर उघडली. आत बोटभर उंचीच्या काचेच्या कुप्या होत्या.

"उवेसाठी," ते म्हणाले. "माझा नातू. अंगावर सूज येते त्याच्या. सकाळी डोळे उघडत नाहीत. तिकडच्या डॉक्टरने रेनाटेच्या कानात या औषधाचं नाव सांगितलं. कागदावर नाही लिहिलं. पार्सलातून औषध पाठवायला बंदी आहे."

"आणि हे?" तिने म्यानाला बोट लावलं.

"पोलीस खात्यासाठी शिवायचो आम्ही, युद्धाच्या आधी. पिस्तूल पंचेचाळीस साली मी कालव्यात टाकलं, सगळ्यांनीच टाकलं. चामडं टाकवेना. असं चामडं आता मिळत नाही." ते कुप्यांकडे बघत बोलत होते. "खिशात काच फुटते. हातातल्या पिशवीत गोठते. अंगाशी, काखेत, ऊब राहते. पण होतं तसं मोठं घातलं असतं तर दिसलं असतं. म्हणून लहान केलं."

भास्करने एक कुपी उचलून तिला नाव वाचून दाखवलं. तिने ते स्वतः पुन्हा वाचलं.

"मला का नाही सांगितलंत?" हे तिने भास्करला मराठीतच विचारलं.

"तू काळजी केली असतीस."

"आता काय करतेय मग? ओव्या म्हणतेय?"

"मी सांगू नका म्हटलं होतं," लेम्के अंदाजाने म्हणाले. "तुम्ही किल्लीच्या भोकातून बघता, फ्राउ पेंडसे."

"तुम्ही टॉवेल लावता, हेर लेम्के."

"लावतो," लेम्के म्हणाले.

वसुधा म्यान उलटसुलट करून बघत राहिली. शिवण सुरेख होती, पण कितीही लहान केलं तरी पिस्तुलाचं ते पिस्तुलाचं. शिपायाच्या हाताला लागलं की आधी गोळी घालतील आणि मग आत औषध आहे की काय ते बघतील. आणि हे नेणार कोण, तर भास्कर. ट्रॅममध्ये एकदा कंडक्टर फिरकला नाही आणि तिकीट काढायचं राहिलं, तर याने शेजारच्या अनोळखी बाईंना तसं सांगून टाकलं होतं. बाईंनी विचारलंही नव्हतं. याचा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी. आत जे असेल ते बाहेर लिहिलेलं.

"यांच्या अंगावर हे जाणार नाही," ती लेम्केंना म्हणाली. "माझ्या जाईल. पट्ट्याला आणखी भोकं पाडा. माझ्या मापाची."

"वेडी आहेस का, वसू?" भास्कर उठून उभा राहिला.

"तुम्ही जाणार होतात तेव्हा तुम्ही शहाणे होतात?"

लेम्के भास्करकडे बघू लागले.

"त्यांना नका विचारू," ती म्हणाली. "मला विचारा. माझे वडील नाक्यावर होते. नाक्यावरच्या माणसाला काहीतरी सापडावं लागतं. सापडलं की त्याचं समाधान होतं, मग तो पुढचं शोधत नाही. तुमच्या पार्सलात त्याला सापडण्यासारखं काहीच नाही. मोजे आणि बदक. म्हणून तो अंगाला हात लावील."

"मग?" लेम्के म्हणाले. "काय सापडू द्यायचं त्याला?"

"तुम्हाला काय सापडलं होतं?"

लेम्केंनी रिकामा पंजा नारळासारखा कानाशी नेऊन हलवला. मग खोलीत जाऊन आरी आणि हातोडी घेऊन आले. वसुधाने तोवर जुन्या लुगड्याच्या काठाची खोळ बेतायला घेतली, म्हणजे वरून तरी ते चामडं दिसू नये. भास्कर दोघांच्या मधे उभा राहून एकदा जर्मनमध्ये, एकदा मराठीत विरोध करत होता. कुणी लक्ष दिलं नाही.

रविवारी फ्रीडरिशश्ट्रासेच्या स्टेशनात परदेश्यांच्या रांगेत ती दोघं उभी होती. ब्लाउजवर म्यान, त्यावर पदर, पदरावर स्वेटर, त्यावर कोट. कुप्या काखेत गरम झाल्या होत्या. भास्करला तिने सांगून ठेवलं होतं, की विचारलं तर खरं काय ते बोला, मात्र विचारलं तेवढंच बोला. तो ओठ मिटून उभा होता आणि ऐन थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

शिपाई कोवळा पोरगा होता. पासपोर्ट पाहिले. कुणाकडे जाताय, कशाला.

"लहान मुलाला बघायला," वसुधा म्हणाली.

त्याने पार्सल सोडायला लावलं. सगळ्यात वर, खणावर बसवलेला नारळ होता. तो त्याने दोन बोटांनी शेंडीला धरून उचलला, जवळ आणला, हलवला. मग न बोलता काउंटरमागचं दार उघडून आपल्या साहेबाला घेऊन आला. साहेबानेही हलवला.

"आत द्रव आहे."

"असतो," भास्कर म्हणाला. विचारल्याशिवाय तो एवढंच बोलला हे त्याच्या दृष्टीने फार झालं.

"कशासाठी?"

वसुधाने शिकवल्यासारखं सांगायला सुरुवात केली, आमच्यात, बाळाच्या आईला, शुभ. साहेब ऐकत नव्हता. त्याने नारळावर कुठे टाके, कुठे डिंक दिसतोय का ते नखाने खरवडून पाहिलं. मग टेबलाच्या खणातून हातोडी काढली. इथवर सगळं तिच्या बेताप्रमाणे चाललं होतं. वजन करतील, हुंगतील, फार तर एखादं भोक पाडतील, असा तिचा हिशेब होता. साहेबाने नारळ काउंटरवर ठेवला आणि घाव घातला. दुसऱ्या घावाला दोन भकलं झाली आणि पाणी दोघांच्या पासपोर्टांखालून वाहत गेलं.

"अरे मेल्या!" वसुधा मराठीत ओरडली. "ओटीचा नारळ फोडलास? सवाष्णीच्या ओटीत आता काय करवंट्या घालू? आईने शिकवलं नाही का काही? बाळाच्या घरी निघालेला नारळ तो, मुडद्या!"

हे काही तिने ठरवलं नव्हतं. तिला खरोखर ब्रह्मांड आठवलं होतं. दुखण्यातल्या पोराच्या घरी निघालेला नारळ वाटेत फुटला. डोळ्यांतून पाणी आलं तेही खरंच होतं. रांगेतले लोक बघायला लागले. साहेबाला शब्द कळले नाहीत, पण असं बोलणारी एक बाई त्याच्याही घरी कधीतरी असावी. त्याने खिशातला रुमाल काढून आधी पासपोर्ट पुसले, मग काउंटर. पांढरं खोबरं बोटाने दाबून पाहिलं, दोन्ही भकलं वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः पार्सलात ठेवली, आणि हाताने जा जा केलं. भास्करच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे त्याने एकदा निरखून पाहिलं. मग बायकोला भिणारा नवरा म्हणून सोडून दिलं.

रेनाटेचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात कोळशाचा वास होता. बेल वाजवल्यावर बराच वेळ काही झालं नाही. शेजारचं एक दार बोटभर उघडून बंद झालं. मग समोरचं दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीत लेम्केंची हनुवटी असलेली एक हडकुळी बाई दिसली.

"तुमच्या वडिलांनी पाठवलंय," वसुधा हळू आवाजात म्हणाली.

"मला कुणी काही पाठवत नाही."

"उवेसाठी."

बाईच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. तिने वसुधाचं कुंकू पाहिलं, कोटाखालचे निऱ्यांचे काठ पाहिले, भास्करचे बूट पाहिले. अशी नजर वसुधाला पुरती ओळखीची होती. फक्त ती आजवर तिच्या स्वतःच्या डोळ्यांत असे, समोरून कधी आली नव्हती. तिला एकदम चोरट्यासारखं वाटायला लागलं. तिने कोटाची बटणं काढली, स्वेटरात हात घालून पट्टा सोडला आणि खोळीसकट म्यान फटीतून आत दिलं.

दार लागलं. आतून एक पोर कुरकुरल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दार पुन्हा तेवढंच उघडलं. रेनाटेने कुप्या एप्रनमध्ये घेतल्या होत्या. जिन्यातल्या दिव्यासमोर धरून तिने एकेक पाहिली, कुपीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली, बूच हुंगलं. मग म्यान परत बाहेर दिलं.

"हे घेऊन जा. असली वस्तू माझ्या घरात नको. त्यांना म्हणावं, म्हातारचळ लागलाय."

पार्सल तिने तिरपं करून, एकेक वस्तू काढून फटीतून आत घेतली. नारळाची भकलं हुंगून परत दिली. तांदळाची पुडी आणि खण मात्र तिला काय आहे हे कळायच्या आत वसुधाने आत सरकवले. दार लागलं, किल्ली फिरली.

"निदान आभार तरी मानायचे," भास्कर जिना उतरताना म्हणाला. "जीव मुठीत धरून आलो आपण."

वसुधाच्याही मनाला ते लागलं होतं. रिकामं म्यान काखेत बांधूनच ती नाक्यावरून परतली. परतीच्या गाडीत घराचं स्टेशन जवळ आलं तशी म्हणाली, "हे लेम्केंना सांगू नका. दिवसभर वाट बघत असतील. मी बोलते काय ते."

लेम्के स्वयंपाकघरात बसले होते. चर्चला जाताना घालायचा कोट अंगात होता आणि समोरची कॉफी कधीच गार झाली होती. वसुधाने म्यान टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी ते उघडून रिकामं असल्याची खात्री केली.

"कुणाच्या हातात दिलंत?"

"रेनाटेच्या."

"काय म्हणाली?"

"आत बोलावलं आम्हाला," वसुधा म्हणाली. जर्मन शब्द भराभर सुचत होते, याचं तिलाच नवल वाटलं. "कॉफी केली. फार रडली. पुन्हा पुन्हा आभार मानले. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, पपांना सांगा, त्यांची फार आठवण येते."

लेम्के तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"रडली?"

"हो."

"अनोळखी माणसांना आत घेतलं? कॉफी दिली?"

"हो."

लेम्के टेबलाला धरून उठले. "मग तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या दारात गेलात," ते म्हणाले. "ती रेनाटे नव्हे. औषध गेलं. देवा, औषध चुकीच्या माणसांकडे गेलं."

म्हाताऱ्याचे हात टेबलावर काहीतरी शोधल्यासारखे फिरत होते. भास्कर पुढे झाला.

"हेर लेम्के, ऐका. हिने तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं. तिने आत घेतलंच नाही आम्हाला. दाराची साखळीसुद्धा काढली नाही. वर मला कुणी काही पाठवत नाही म्हणाली. एकेक कुपी दिव्यासमोर धरली. आभार नाहीत, काही नाही. हे म्यान परत केलं आणि तुम्हाला म्हातारचळ लागलाय म्हणून सांगितलं."

लेम्के त्याच्या चेहऱ्याकडे बघत सावकाश खाली बसले. त्यांनी तोंडावर दोन्ही पंजे घेतले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते वसुधाला कळेना. तिने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि काय करावं न सुचून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते पंज्यांच्या आडूनच बोलले.

"गेनाऊ," ते म्हणाले. "गेनाऊ. अगदी तीच माझी रेनाटे. पुन्हा सांगा, हेर पेंडसे. साखळीपासून."